सहा बाक आणि एक खुर्ची

आगीच्या बंबावर आमच्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही, आणि बंबाला ज्याने आयुष्यात कधी हातही लावला नाही असा बंबप्रेमीही दुसरा सापडायचा नाही. ते जवान नव्हते, ड्रायव्हर नव्हते, त्यांच्या घराण्यात कोणी पाण्याचा नळही नीट दुरुस्त केलेला नाही. पुण्यापासून दीड-दोन तासांवरच्या एका नगरपालिकेत ते लेखा विभागात कारकून होते. त्या गावाचं नाव घेतलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून मीही घेत नाही. कारकुनाला तिकडे भाऊसाहेब म्हणायची पद्धत. निवृत्त होऊन ते कोथरूडला आमच्याच सोसायटीत राहायला आले तेव्हा सामानाबरोबर ते नावही आलं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. ते मला ‘धाकटे’ म्हणतात. आमच्या सासऱ्यांना जावई दोन, त्यातला मी धाकटा, एवढाच त्याचा अर्थ. पण ते ज्या सुरात म्हणतात त्यावरून माझी अक्कलही त्याच मापाची असावी असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि इतक्या वर्षांत मीही ते मान्य करून टाकलं आहे.

मिळकत कराचं बिल आलं की तुम्ही-आम्ही आधी शेवटचा आकडा बघतो आणि मग महापालिकेला नावं ठेवत चहा टाकायला सांगतो. भाऊसाहेब शेवटचा आकडा बघतच नाहीत. ते चष्मा पुसून, बोट ठेवत ठेवत एकेक ओळ खाली उतरतात. सर्वसाधारण कर, सफाई कर, आणि बोट अग्निशामक कराच्या ओळीवर आलं की थांबतं. चेहरा असा होतो, जणू नातीचा दहावीचा निकाल हातात पडला आहे. मग तिन्ही मजले फिरून ते प्रत्येकाला त्याच्या बिलातली ती ओळ दाखवतात. रस्त्याने बंब घंटा वाजवत गेला की जिथे असतील तिथे हे उभे राहतात, भाजी घेत असतील तर भाजीवालीलाही उभं करतात. “बघा धाकटे, आपला बंब,” एकदा मला म्हणाले. मी म्हटलं, “आपला कसा?” तर म्हणाले, “कर भरता ना? मागच्या चाकाचा एक नट तुमचा आहे.” “आणि तुमचं काय आहे त्यात?” “मी पहिल्या दिवशी भरतो. माझा पुढचा दिवा.”

एखाद्याला क्रिकेटवर बोलायला आवडतं, एखाद्याला गुडघेदुखीवर. भाऊसाहेबांचा विषय एकच: संकटात फोन केला तर तो उचलणाऱ्या माणसाचा पगार कुठून होतो. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला ते व्याह्यांच्या शेजारी बसले होते. व्याह्यांनी आपलं सहज विचारलं, “आपण कुठल्या खात्यात होता?” झालं. जिलबी वाढून होईपर्यंत भाऊसाहेबांनी त्यांना पोलीस, ॲम्ब्युलन्स आणि बंब हे तीन वेगळे खिसे समजावून दिले होते. पोलीस राज्य सरकारच्या खिशातले, ॲम्ब्युलन्सही सरकारची, पण बंब मात्र गावाच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातला. “आता मला सांगा,” मठ्ठा बाजूला सारून त्यांनी विचारलं, “नवा बंब आला की काय होतं?” व्याही म्हणाले, “काय होतं?” “हार घालतात, नारळ फोडतात, फोटो काढतात. बंबाला पैसे मिळतात, कारण बंबाचा फोटो निघतो. पण फोन उचलणाऱ्या माणसाचा फोटो कधी पाहिलात? खुर्चीत बसलेला माणूस आणि समोर फोन. कोण छापणार? मग त्याचा पगार किरकोळ खर्चात टाकतात. खडू, फडकी, फिनेल आणि तो.” व्याही भले गृहस्थ. त्यांनी हात धुताना मला बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्या साडूंच्या घरी कधी आग लागली होती का हो?” मी हसून नाही म्हटलं. तेव्हा मला तरी काय माहीत होतं?

गणपतीत आमच्या सोसायटीत पाककृती, रांगोळी, जुनी गाणी अशा स्पर्धा होतात. भाऊसाहेबांनी त्यात स्वतःची एक घुसवली: तीस सेकंदांत पत्ता सांगा. नियम साधे. तुमच्या घराला आग लागली आहे असं समजायचं, भाऊसाहेब फोनवर आहेत असं समजायचं, आणि काय झालं, कुठे झालं, कितवा मजला, जवळची खूण काय, एवढं सांगून फोन ठेवायचा. “तीस सेकंदांच्या वर बोलायचं नाही. तुमच्या मागे दुसरं कोणीतरी फोन धरून थांबलेलं असतं,” हे ते प्रत्येक स्पर्धकाला बजावून सांगत. वाटतं तितकं हे सोपं नाही. पुणेकराला पत्ता विचारणं म्हणजे इतिहास विचारणं. आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, “पूर्वी इथे एक डेअरी होती बघा, ती आता नाही, पण त्या डेअरीवरून डावीकडे वळलात की...” मग ती डेअरी का बंद पडली ते आलं, डेअरीच्या आधी तिथे काय होतं ते आलं. चार मिनिटांनी भाऊसाहेबांनी शांतपणे घड्याळ खाली ठेवलं. “घर जळून गेलं, प्रोफेसर. बसा.” पहिलं बक्षीस दर वर्षी ताईंना, म्हणजे त्यांच्याच पत्नीला मिळतं. त्यांना अठरा सेकंद पुरतात. लग्नापासून नवऱ्यापुढे बोलायला तेवढाच वेळ मिळत आला आहे, असं त्या म्हणतात.

स्वतः भाऊसाहेबांनी मात्र तो तीन आकडी नंबर कधी फिरवलेला नव्हता. “गरज नसताना केलेला फोन म्हणजे दुसऱ्याचा फोन खाल्लेला,” असं त्यांचं तत्त्व. पण इतर फोनांशी त्यांचं नातं विचित्र होतं. त्यांच्या घरी अजून तारेचा फोन आहे, आणि त्याची दुसरी घंटा आमच्यापैकी कोणी कधी ऐकलेली नव्हती. पहिली वाजली की भाऊसाहेब जिथे असतील तिथून उठणार. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींनी पळी हातात दिलेली असताना उठले आहेत. अंगाला साबण असताना आले आहेत, आणि पलीकडून कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या मुलीला “रॉंग नंबर नाही, पण नको,” असं सभ्यपणे सांगून परत गेले आहेत. दुसऱ्याचा फोन वाजत राहिला तरी त्यांचा जीव खालीवर होतो. केशकर्तनालयात एकदा अर्धी दाढी झालेली, आणि कोपऱ्यात कोणाचा तरी मोबाइल वाजतोय. ते फेसासकट उठले, मोबाइल उचलला आणि पलीकडच्या बाईंना सांगितलं, “तुमचे यजमान खुर्चीत आहेत, सुखरूप आहेत, दहा मिनिटांत येतील.” त्या बाईंना नवरा ऑफिसात आहे असं वाटत होतं, हा भाग वेगळा. त्या गृहस्थांनी पुढे केशकर्तनालय बदललं.

त्यांच्या विजारींबद्दलही सांगायला हवं. भाऊसाहेबांच्या सगळ्या विजारी घोट्याच्या चार बोटं वर संपतात. पुण्यात चौकाचौकात शिंपी असताना हे दर श्रावणात एसटीने त्या जुन्या गावी जातात, तिथल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे दोन विजारी शिवायला टाकतात आणि गणपतीच्या आत पुन्हा जाऊन घेऊन येतात. मास्तरांना आता नीट दिसत नाही, त्यामुळे आखूडपणा दर वर्षी अर्ध्या बोटाने वाढतो आहे. ताई कितीदा म्हणाल्या, “अहो, निदान एक तरी इथे शिवा, चारचौघांत जाता.” पण नाही. मी एकदा म्हटलं, “भाऊसाहेब, असंच चालू राहिलं तर पुढच्या वर्षी हाफ पॅंट होईल.” त्यावर ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, विनोद कळला नसेल.

आणि मग बाक. अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून सूचना मागवतात हे किती पुणेकरांना माहीत आहे कोण जाणे, पण भाऊसाहेब त्या अर्जाची वाट नव्या दिवाळी अंकासारखी बघतात. अर्जावर कामांची छापील यादी असते: पदपथ, पथदिवे, बसण्याची व्यवस्था, कचरापेट्या, रंगरंगोटी. शेजारी चौकोन. भाऊसाहेबांना हवी असते एकच गोष्ट, आपत्कालीन फोनपाशी एक जादा खुर्ची, आणि अर्थात त्या खुर्चीत बसणारा माणूस. त्यांचं म्हणणं, खुर्ची एकदा अंदाजपत्रकात आली की रिकामी दिसते, आणि रिकामी खुर्ची दिसली की माणूस भरावाच लागतो. यादीत त्याला सगळ्यांत जवळचं म्हणजे ‘बसण्याची व्यवस्था’, म्हणून ते त्या चौकोनात खूण करतात. ठिकाणाचा रकाना एवढासा असतो, त्यात पूर्ण मजकूर बसत नाही, म्हणून तो रिकामा सोडून खाली शेऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहितात, ‘आपत्कालीन दूरध्वनी कक्ष, फोनजवळ, एक.’ आता शेरे काही कोणी वाचत नाही. ठिकाण रिकामं असलं की अर्जदाराचा पत्ता तेच ठिकाण धरतात. परिणामी दर वर्षी आमच्या गल्लीत एक बाक येतो. सहा वर्षांत सहा बाक झाले. त्यातला एक सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गाडीच्या अगदी तोंडाशी आहे, आणि ते रोज सकाळी गाडी काढताना भाऊसाहेबांच्या घराकडे बघून काहीतरी पुटपुटतात. ज्येष्ठ नागरिक मात्र खूश. परवा तर त्यांनी भाऊसाहेबांचा शाल देऊन सत्कार केला, तेव्हा हे वर मान करून बघेनात. मी म्हटलं, “अहो, साध्या कागदावर एक पत्र लिहा ना सरळ, खुर्ची हवी म्हणून.” ते म्हणाले, “धाकटे, रकान्याबाहेर लिहिलेला अर्ज मी तीस वर्षं परत पाठवला. आता मीच कसा लिहू?” “मग शेरा कोणी वाचत नाही हे माहीत असून तो कशाला लिहिता?” “मीही नोकरीत कधी वाचले नाहीत. पण एखादा वाचत असेल.”

हे सगळं असंच चाललं असतं, पण मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या मीटरच्या खोलीतून धूर यायला लागला. आधी वास, मग तड तड आवाज, मग दाराच्या फटीतून काळा धूर थेट जिन्यात. सगळी सोसायटी खाली जमली. प्रत्येकजण काहीतरी करत होता आणि फोन कोणीच करत नव्हतं. सेक्रेटरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणी जिना वापरू नये’ असं टाइप करत होते. दोघेजण व्हिडिओ काढत होते. आधी वीजवाल्यांना बोलवायचं की आधी बंबवाल्यांना, यावर प्राध्यापक एक बाजू मांडत होते. वरच्या मजल्यावर एक आजारी आजी होत्या, त्यांची सून गॅलरीतून ओरडत होती. आणि भाऊसाहेब त्या गर्दीच्या मधोमध मोबाइल हातात धरून नुसते उभे होते. ज्या माणसाने तीस सेकंदांची स्पर्धा घेतली तो तीन आकडे दाबायला घाबरतोय, हे बघून मला आधी हसू आलं आणि लगेच त्यांचा चेहरा बघून ते गेलं. “भाऊसाहेब, लावा ना,” मी म्हटलं. ते म्हणाले, “नाही उचलला तर?”

मग त्यांनी लावला. कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. एक घंटा झाली. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. दुसरी घंटा पुरी व्हायच्या आत एका तरुण बाईंचा आवाज आला. भाऊसाहेबांनी काय, कुठे, कितवा मजला, कुठली खूण, वर आजी आहेत, जिन्यात धूर आहे, सगळं सांगून टाकलं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण ताईंचा अठरा सेकंदांचा विक्रम नक्की मोडला. “गाडी निघतेय काका. सगळ्यांना लांब ठेवा, मीटरवर पाणी टाकू देऊ नका,” ती म्हणाली. इथे फोन ठेवायचा, हा त्यांचा स्वतःचा नियम. पण भाऊसाहेबांनी ठेवला नाही.

“बाई, एक विचारू? तिथे तुम्ही एकट्याच आहात का?”

असला प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नसणार. मग ती म्हणाली, “नाही काका, आम्ही दोघी आहोत. तुम्ही घाबरू नका. फोन ठेवा आता.”

बंब आला. आग अशी फार नव्हती. दहा-पंधरा मिनिटांत विझली, आजींना उचलून खाली आणलं, त्यांनी सगळ्यांना उन्हात काय उभे आहात म्हणून दटावलं. सोसायटी टाळ्या वाजवत होती, मुलं बंबाभोवती फिरत होती. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो बंब दारात उभा होता, पुढच्या दिव्यासकट, आणि भाऊसाहेब त्याच्याकडे पाठ करून सेक्रेटरींच्या गाडीसमोरच्या बाकावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरामुळे असेल असं म्हणायची मी तयारी करत होतो, तेवढ्यात तेच बोलायला लागले.

“आमच्याकडेही फोनवर दोन माणसं असायची. पगार किरकोळ खर्चातून. त्या वर्षी मार्चमध्ये स्वागत कमानीला पैसे कमी पडले. साहेब म्हणाले, कुठून तरी वर्गीकरण करा.” वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं, हे मला इतक्या वर्षांत त्यांच्याकडूनच कळलं होतं. “मी किरकोळमधून काढून दिले. टिपणी माझ्या अक्षरात आहे. दोघांतला एक माणूस घरी बसला. पंधरा दिवसांचाच प्रश्न होता, धाकटे. एप्रिलला नवे पैसे येणारच होते. आणि त्या पंधरा दिवसांत बाजारपेठेत एक दुकान पेटलं. उरलेला एकटा माणूस गाडीत पाणी भरायला बाहेर गेला होता. दुकानदार समोरच्या हॉटेलातून फोन लावत होता. समोर दुकान जळतंय, आणि तिकडे नुसती घंटा वाजतेय.”

“कोणाला काही झालं का?”

“माणसाला नाही. तीन मशिनं गेली. लग्नसराईचे शिवायला आलेले कपडे गेले. कमान मात्र छान झाली. अजून आहे.”

मशिनं म्हटल्यावर माझी नजर आपोआप त्यांच्या विजारीकडे गेली. बाकावर बसल्यामुळे ती आणखीनच वर चढली होती. इतकी वर्षं मी त्या विजारीवर विनोद करत होतो, त्याची मला फार लाज वाटली.

“मास्तरांना माहीत आहे?” मी विचारलं.

“नाही. दर श्रावणात सांगायचं ठरवून जातो. ते टेप गळ्यात घालून उठतात, ‘या भाऊसाहेब, पुण्यात शिंपी मेले का सगळे?’ म्हणतात, माप घ्यायला लागतात, आणि राहून जातं.”

यंदा श्रावणात ते एसटीने गेले तेव्हा मी मुद्दाम विचारलं नाही. गणपतीच्या आत विजारी आल्या, नेहमीसारख्याच आखूड. गणपती उठल्यावर सूचनांचा अर्ज आला. त्यांच्या डोळ्याचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मला बोलावलं. आम्ही त्यांच्या पुढच्या खोलीत बसलो. मी चष्मा लावला, पेन उघडलं आणि मग राहवेना म्हणून विचारलं, “भाऊसाहेब, मास्तरांना सांगितलंत?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“‘पाय सरळ ठेवा’ म्हणाले. माप घेत होते.” मग म्हणाले, “नंतर चहा मागवला. पैसे मला देऊ दिले नाहीत.”

मी अर्जाकडे वळलो. “कशावर खूण करू?”

“बसण्याची व्यवस्था. एक.”

“ठिकाण?”

“राहू दे रिकामं.”

“म्हणजे पुन्हा आपल्याच गल्लीत बाक येणार.”

“येऊ दे की. कोपऱ्यावरच्या आजींना लांब पडतं.”

“आणि शेऱ्यात काय लिहू? नेहमीचंच?”

“शेरा नको,” भाऊसाहेब म्हणाले. “तिथे दोघी आहेत आता.”

तेवढ्यात आतल्या खोलीतला तारेचा फोन वाजला. सवयीने त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले, अर्धवट उठलेही. मी कागद आवरून त्यांना वाट करून दिली. पण ते उठता उठता थांबले आणि हळूच परत टेकून बसले. दुसरी घंटा वाजली. त्या घरातल्या फोनची दुसरी घंटा मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. तिसरी वाजली. भाऊसाहेबांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ मोजल्यासारखे हलत होते.

“आत ही आहे,” ते म्हणाले. “घेईल ती.”

आणि आत ताईंनी फोन घेतला.